घरचा कॉम्प्युटर घेताना भरवशाचा ब्रँड कसा निवडायचा : पिनकोडपासून पक्क्या बिलापर्यंत

"कुठल्या कंपनीचा घेऊ?" हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात आणि गडबड तिथूनच सुरू होते. कारण उत्तर देणारा प्रत्येकजण स्वतःकडच्या एका मशीनवरून बोलतो, त्याचा डेल सहा वर्षं चालला म्हणून डेल देव आणि मेहुण्याच्या एचपीचं बिजागर तुटलं म्हणून एचपी भंगार. एचपी, डेल, लेनोवो, आसुस, एसर, ह्यातली एकही कंपनी सरसकट चांगली किंवा सरसकट बेकार नाहीये. ह्यातल्या बऱ्याच कंपन्या लॅपटॉप स्वतः बनवतही नाहीत, तैवानच्या क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेन्टेक अशा कंपन्यांकडून बनवून घेतात आणि एकाच कारखान्यातून दोन-तीन ब्रँडचा माल निघतो. मग फरक कशात पडतो, तर बनवून घेताना कुठे पैसे वाचवले ह्यात, पार्ट किती वर्षं मिळतात ह्यात आणि बिघडल्यावर तुमच्या गावात कोण येतं ह्यात.

म्हणून क्रम उलटा करायचा. आधी सर्व्हिस, मग सिरीज, मग नेमका मॉडेल, मग वॉरंटी, आणि दुकान सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक दुकानापासून सुरुवात करतात आणि सर्व्हिस सेंटरचा पत्ता मशीन बंद पडल्यावर शोधतात.

तयारी : अर्ध्या तासाचं काम, पण टाळू नका

एका कागदावर चार गोष्टी लिहा. कोण वापरणार, कुठे वापरणार, किती वर्षं चालवायचा आहे, आणि पिनकोड. पिनकोड का ते पुढे कळेलच.

"कुठे" हा प्रश्न लोक गाळतात. मशीन एकाच टेबलावर राहणार असेल, म्हणजे मुलांचा अभ्यास, जीएसटीचं काम, फोटो ठेवणं, तर लॅपटॉपच कशाला हवा? डेस्कटॉपला बिजागर नाही, बॅटरी नाही, कीबोर्डवर चहा सांडला तर कीबोर्ड बदलला की काम झालं. मात्र जिथे लाईट सारखी जाते तिथे डेस्कटॉपबरोबर निदान ६०० व्हीएचा यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर काही मिनिटं मशीन चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, धरूनच बजेट काढा, नंतर घेऊ म्हणालात तर घेतला जात नाही.

"किती वर्षं" ह्याचं उत्तर पाच किंवा जास्त असेल तर एक्स्टेंडेड वॉरंटीचे पैसे आत्ताच बाजूला काढून ठेवा. हे पैसे मशीनच्या किमतीतच मोजायचे. ५० हजारांचं बजेट म्हणजे ५० हजारांचा लॅपटॉप नव्हे.

पायरी १ : पिनकोडवरून कंपन्या गाळा

प्रत्येक मोठ्या कंपनीच्या वेबसाइटवर सर्व्हिस सेंटर शोधायची सोय असते, तिथे आपलं शहर नाहीतर पिनकोड टाका. पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात पर्याय भरपूर मिळतात, त्यांनी ही पायरी पटकन उरकली तरी चालेल. पण तुम्ही देवगडला असाल, अहेरीला असाल, उदगीरला असाल तर सगळा निर्णय इथेच लागतो.

पत्ता दिसला म्हणजे झालं असं नाही. तिथे फोन लावा, जवळ असेल तर जाऊनच या. यादीत नाव असतं आणि प्रत्यक्षात ते सेंटर कधीच बंद झालेलं असतं, किंवा तिथे फक्त प्रिंटर घेतात, किंवा ते निव्वळ कलेक्शन पॉइंट असतं आणि मशीन पुढे दुसऱ्या शहरात जातं. फोनवर एवढं विचारा:

- लॅपटॉप इथेच दुरुस्त होतो की बाहेर पाठवता?
- वॉरंटीतला मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) यायला साधारण किती दिवस लागतात?
- ह्या सिरीजची बॅटरी, स्क्रीन आणि कीबोर्ड वॉरंटी संपल्यावर केवढ्याला पडतात?

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. सरळ आकडा सांगणाऱ्या सेंटरकडे पार्टची ये-जा असते. "मशीन आणा मग बघू" असं उत्तर दोन-तीनदा आलं तर समजून घ्या.

मग कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून विचारायचं, माझ्या पिनकोडला ऑनसाइट सर्व्हिस आहे का. ऑनसाइट म्हणजे माणूस घरी येतो, कॅरी-इन म्हणजे मशीन तुम्ही घेऊन जायचं. खोक्यावर ऑनसाइट छापलेलं असलं तरी दूरच्या पिनकोडला ते मिळेलच असं नाही, आणि ही अट बारीक अक्षरात असते.

⚠ थांबा : नवीन, स्वस्त, मोबाईल कंपन्यांनी काढलेले लॅपटॉप घेताना ही पायरी दोनदा करा. मशीन वाईट असतं असं नाही, पण कंपनी हा धंदाच सोडून गेली तर पार्ट कुठून आणणार? मोठ्या नावांचंही हे झालेलं आहे, सोनीनं २०१४ मध्ये वायोचा धंदा विकून टाकला, तोशिबा २०२० मध्ये लॅपटॉपमधून पूर्ण बाहेर पडली.

ह्या पायरीनंतर तुमच्याकडे दोन किंवा तीन कंपन्या उरल्या पाहिजेत. एकच उरली तरी चालेल, उलट काम सोपं झालं.

पायरी २ : ब्रँडच्या आतली सिरीज ओळखा

इथे बहुतेक लोक चुकतात. "लेनोवो चांगला" ह्या वाक्याला अर्थ नाही, कारण लेनोवोचा आयडियापॅड आणि थिंकपॅड ह्यांच्यात जेवढा फरक आहे तेवढा आयडियापॅड आणि दुसऱ्या कंपनीच्या त्याच किमतीच्या लॅपटॉपमध्ये नाहीये. ढोबळमानानं प्रत्येक कंपनीत दोन घरं असतात. एक घरगुती माल: लेनोवो आयडियापॅड, एचपी पॅव्हिलियन आणि १५ नंबरवाले, आसुस व्हिवोबुक, एसर अस्पायर, डेल इन्स्पिरॉन. दुसरा ऑफिसचा माल: थिंकपॅड, एचपीचे प्रोबुक-एलिटबुक, आसुस एक्स्पर्टबुक, एसर ट्रॅव्हलमेट, डेल लॅटिट्यूड. ऑफिसच्या मालात तेवढ्याच पैशात स्क्रीन साधी मिळते, प्रोसेसर एखादी पायरी खालचा मिळतो, दिसायलाही तो फार काही नसतो, पण बिजागर आणि कीबोर्ड सहसा मजबूत असतो, उघडायला सोपा असतो आणि पार्ट बरीच वर्षं मिळतात. कारण कंपन्या तो शेकड्यानं विकत घेतात आणि त्यांना एक वर्षात तुटलेलं चालत नाही.

मला विचाराल तर पाच वर्षं टिकवायचा असेल आणि गेम खेळायचे नसतील तर ऑफिस सिरीजचा सगळ्यात खालचा मॉडेल हा घरगुती सिरीजच्या चकचकीत मॉडेलपेक्षा बरा. दुकानदार तो दाखवत नाही कारण डिस्प्लेला नसतो, मागवून घ्यावा लागतो. मागवायला सांगा.

नावांचा गोंधळ मात्र वाढलाय. डेलनं जानेवारी २०२५ मध्ये जुनी नावं मोडीत काढून 'डेल', 'डेल प्रो', 'डेल प्रो मॅक्स' अशी नवी वर्गवारी आणली, एचपीनं घरगुती मालाला ओम्नीबुक नाव दिलं. जुना स्टॉक जुन्या नावानं अजून फिरत असतो. सोपी खूण अशी की कंपनीच्या वेबसाइटवर तो मॉडेल "होम"खाली आहे की "बिझनेस"खाली ते बघायचं.

⚠ थांबा : "मिलिटरी ग्रेड" ह्या स्टिकरवर भाळू नका. एमआयएल-एसटीडी-८१०एच ही अमेरिकी संरक्षण खात्याची चाचण्यांची यादी आहे, त्यातल्या कुठल्या चाचण्या करायच्या हे कंपनी स्वतः ठरवते आणि स्वतःच पास म्हणते. अगदी स्वस्त प्लास्टिकच्या लॅपटॉपवरही हे लिहिलेलं सापडतं.

पायरी ३ : पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या

"एचपी १५" किंवा "आयडियापॅड स्लिम ३" हा मॉडेल नंबर नाही, ते आडनाव झालं. त्याच नावाखाली डझनभर वेगवेगळी मशीनं विकली जातात, कुठल्यात रॅमचा (चालू कामाच्या मेमरीचा) स्लॉट रिकामा असतो, कुठल्यात सगळी रॅम बोर्डवर सोल्डर केलेली असते आणि ती आयुष्यात वाढत नाही. पूर्ण नंबर खोक्याच्या लेबलवर आणि लॅपटॉपच्या पोटाखाली असतो. भारतासाठीच्या लेनोवोच्या नंबरला शेवटी बहुधा 'आयएन' ही अक्षरं असतात, एचपीच्या प्रॉडक्ट नंबरात 'पीए' आणि पुढे हॅशनंतर 'एसीजे' दिसतं.

हा नंबर हातात आल्यावर कंपनीच्या साइटवरून तीन गोष्टी बघा: रॅमला स्लॉट आहे का, एसएसडी (फाईल साठवायची डिस्क) बदलता येते का, आणि प्रोसेसर नेमका कुठला. प्रोसेसरमध्ये जुना माल नव्या नावानं येतो. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० सिरीजच्या लॅपटॉप प्रोसेसरात तिसरा आकडा बघायचा, ७५२० मधला २ म्हणजे झेन २, हे डिझाइन मूळ २०१९ चं, आणि ७७३० मधला ३ म्हणजे झेन ३. "रायझन ५" एवढंच वाचून घेतलं की फसायला होतं.

✔ तपासा : दुकानदारानं दिलेलं कोटेशन आणि तुमच्या कागदावरचा नंबर अक्षरन् अक्षर जुळतोय का. "तोच आहे हो, फक्त नंबर वेगळा आहे" असं कुणी म्हणालं तर तो तोच नसतो.

पायरी ४ : तक्रारी वाचा, कौतुक नको

पाच स्टारवाले रिव्ह्यू सोडून द्या. ते बहुतेक डिलिव्हरी वेळेत आली, पॅकिंग छान होतं, ह्याबद्दल असतात, लॅपटॉप दुसऱ्या दिवशी चांगलाच चालणार. यूट्यूबवाल्यांचंही तेच, त्यांच्याकडे मशीन दोन आठवडे असतं, बिजागर दोन वर्षांनी तुटतं. तुम्ही एक आणि तीन स्टारवाले वाचा, आणि तारखा बघत वाचा. सहा महिने, वर्षभर वापरून लिहिलेला एक रिव्ह्यू पन्नास ताज्या रिव्ह्यूंना भारी असतो. शॉपिंग साइटवर बऱ्याचदा वेगवेगळ्या व्हेरियंटचे रिव्ह्यू एकाच पानावर एकत्र टाकलेले असतात, म्हणून आपल्याच व्हेरियंटचं लिहिलंय का तेही बघा.

मग गूगलवर सिरीजचं नाव टाकून पुढे इंग्रजीत बिजागर, मदरबोर्ड, चार्जिंग, बॅटरी फुगणे असे शब्द एकेक करून टाका. दोन-चार तक्रारी सगळ्यांच्याच सापडतात. तीच तक्रार, तोच पार्ट, वेगवेगळे लोक, असं दिसलं तर तो दोष सिरीजमध्येच आहे.

आणि गावातल्या रिपेअरवाल्याला भेटा. सगळ्या कंपन्यांची मशीनं उघडणारा माणूस हवा, एकाच ब्रँडचा डीलर नको. पण प्रश्न नीट विचारा. "कुठली कंपनी सगळ्यात जास्त रिपेअरला येते?" असं विचारलंत तर जी सगळ्यात जास्त विकली जाते तिचंच नाव येणार, त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा "कुठल्या सिरीजचं बिजागर पॅनलमधून उखडतं, कुठल्याचा पार्ट मिळत नाही, कुठला उघडताना वैताग येतो" असं विचारा. माहिती पुष्कळ मिळते, चहा पाजावा लागतो एवढंच.

पायरी ५ : वॉरंटी कागदावर वाचा

आता तुमच्याकडे दोन मॉडेल असतील. दोन्हींची वॉरंटी शेजारी शेजारी ठेवा. बघायचं ते हे:

१. किती वर्षं, आणि ऑनसाइट की कॅरी-इन.

२. बॅटरीला किती. मशीनला तीन वर्षं असली तरी बॅटरीला बहुतेक ठिकाणी एकच वर्ष असतं.

३. पडणं, पाणी सांडणं, स्क्रीन फुटणं. हे साध्या वॉरंटीत कधीच येत नाही, अॅक्सिडेंटल डॅमेजचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. घरात लहान मूल असेल तर मी हेच आधी घेईन आणि वॉरंटीचं दुसरं-तिसरं वर्ष नंतर बघेन.

४. डेड पिक्सेल. एखादा काळा ठिपका आला तर स्क्रीन बदलून मिळेलच असं नाही, बऱ्याच कंपन्यांनी किती ठिपक्यांपर्यंत चालतं ते ठरवून ठेवलेलं असतं.

५. तुम्ही स्वतः रॅम किंवा एसएसडी टाकली तर चालतं का. कंपनीप्रमाणे नियम वेगळा असतो, ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.

एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायचीच तर कंपनीची घ्या. दुकानाची किंवा शॉपिंग साइटची "प्रोटेक्शन प्लॅन" नावाची वस्तू तिसऱ्याच कंपनीची असते, क्लेम मंजूर होईपर्यंत मशीन त्यांच्या ताब्यात असतं. आणि कंपनीची वॉरंटी साधी वॉरंटी संपायच्या आत घ्यावी लागते, काही कंपन्यांत तर खरेदीनंतर ठराविक मुदतीतच.

⚠ थांबा : भाचा अमेरिकेतून येताना लॅपटॉप आणतोय, स्वस्त पडतो, हे आपल्याकडे नेहमीचं आहे. चार्जर बहुतेक १०० ते २४० व्होल्टचा असतो म्हणजे ती अडचण नाही. अडचण वॉरंटीची. घरगुती सिरीजची वॉरंटी अनेकदा त्याच देशापुरती असते, बिझनेस सिरीजला आंतरराष्ट्रीय वॉरंटी मिळण्याची शक्यता जास्त. विकत घेण्याआधी त्या मॉडेलचं लिहून मागवा.

पायरी ६ : आता दुकान

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा, गावातल्या डीलरकडे जा, ऑनलाइन घ्या, तुमची मर्जी. किमतीतला फरक बघताना बिल पक्कं आहे ना हे आधी. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, "बिल नको असेल तर कमी करतो" म्हणणाऱ्याकडे घेतलेल्या मशीनच्या वॉरंटीचा कागदी पुरावा काय राहणार? बिलावर तुमचं नाव, दुकानाचा जीएसटी नंबर, पूर्ण मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर, चारही हवेत. "वन लॅपटॉप एचपी" एवढंच लिहिलेलं बिल परत करा, नवीन मागा.

ऑनलाइन घेताना विकणारा कोण ते बघा, साइट नव्हे, सेलर. रिटर्न पॉलिसीही तिथेच वाचा, लॅपटॉपला पैसे परत नसून फक्त रिप्लेसमेंट, तेसुद्धा त्यांचा टेक्निशियन बघून गेल्यावर, असं बऱ्याच ठिकाणी असतं. ओपन-बॉक्स डिलिव्हरी, म्हणजे खोका दारातच उघडून दाखवणारी, मिळत असेल तर घ्या. नसेल तर खोका फोडतानाचा व्हिडिओ, न कापलेला, लेबलपासून चालू होईपर्यंत.

विंडोज नसलेला डॉस मॉडेल घेऊन दुकानदाराकडून "विंडोज टाकून" घेऊ नका. ते फुकटचं विंडोज क्रॅक केलेलं असतं आणि त्याच क्रॅकमधून काय काय आत येतं ते कळतही नाही.

पायरी ७ : खोका हातात आल्यावर

ह्या गोष्टी त्याच दिवशी, ह्याच क्रमानं.

१. खोक्यावरचा सिरीयल नंबर, मशीनखालचा आणि बिलावरचा, तिन्ही जुळवा. खोक्यावर उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना असतो, तो फार जुना असेल तर बॅटरी तेवढा काळ पडून आहे हे लक्षात घ्या.

२. चार्जरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी नंबर असतो. बीआयएस केअर नावाच्या सरकारी अॅपमध्ये तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. डुप्लिकेट चार्जर खोक्यात बदलला असेल तर इथे पकडला जातो.

३. कीबोर्डवर रुपयाचं चिन्ह शोधा, भारतातल्या बहुतेक मॉडेलवर ते ४ च्या बटणावर असतं. नसेल तर माल बाहेरचा असू शकतो, सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा.

४. चालू करताना स्वतःच्या ईमेलनं खातं उघडा. दुकानातल्या पोराला "तूच करून दे" म्हणालात की तो त्याच्याच ईमेलनं करतो, मग सोबत आलेलं मायक्रोसॉफ्ट ऑफिस त्याच्या खात्याला चिकटतं, आणि डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झाली असेल तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या त्या कुलपाची, रिकव्हरी की पण त्याच्याच खात्यात जाते. दोन वर्षांनी मदरबोर्ड बदलला की मशीन ती की मागतं आणि तो पोरगा तेव्हा दुकानात नसतो.

५. कंपनीच्या साइटवर वॉरंटीची तारीख बघा. पुष्कळदा ती कारखान्यातून निघालेल्या दिवसापासून मोजलेली असते, म्हणजे तुमचे दोन-तीन महिने गेलेले असतात. बिल अपलोड करून दुरुस्त करून घ्या. हे काम फुकट आहे आणि फार थोडे लोक करतात.

पहिले आठ दिवस मशीन भरपूर वापरा, व्हिडिओ कॉल, सगळे यूएसबी पोर्ट, वायफाय, झाकण उघड-बंद. बिजागराकडून कटकट आवाज येतोय का, झाकण उघडताना खालचं पॅनल उचललं जातंय का. मोठा दोष लगेच निघाला तर दुरुस्ती घेऊ नका, सर्व्हिस सेंटरकडून डीओए म्हणजे आल्यापासूनच खराब असल्याचं पत्र मागा, त्यावर मशीन बदलून मिळतं. मुदत अगदी थोडी असते, म्हणून पुढच्या रविवारी बघू असं म्हणू नका.

असेंबल्ड घेत असाल तर

इथे एक ब्रँड नसतो, प्रत्येक पार्टचा वेगळा. खोकाबंद प्रोसेसरला इंटेल आणि एएमडी तीन वर्षं देतात, पण खोक्याशिवाय मिळणाऱ्या 'ट्रे' प्रोसेसरला कंपनीची ती वॉरंटी ग्राहकाला मिळत नाही, स्वस्त कोटेशनचं रहस्य बऱ्याचदा एवढंच असतं. पैसे वाचवायचे तर कॅबिनेटवर वाचवा, एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायवर, कधीच नाही. लोक नेमकं उलटं करतात, रंगीत लाइटवाला कॅबिनेट आणि आत फुकट मिळालेला एसएमपीएस, तो गेला की सोबत बोर्ड घेऊन जातो. बिलावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर वेगळा लिहून घ्या, रिकामे खोके वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा.

जुना, रीफर्बिश्ड घेत असाल तर

ऑफिसातून निघालेले थिंकपॅड आणि लॅटिट्यूड स्वस्तात मिळतात आणि चांगलेही असतात. इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर असलेलाच घ्या, त्याआधीच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. विंडोज नव्यानं सेट करताना एखाद्या कंपनीचं नाव स्क्रीनवर आलं किंवा बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगला) पासवर्ड निघाला तर तिथेच ठेवा आणि बाहेर पडा, ते मशीन अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे.

बिघडलाच तर

आधी कस्टमर केअरला कॉल लॉग करा आणि कम्प्लेंट नंबर घ्या, सेंटरवर थेट जाऊन तोंडी बोलण्याला किंमत नसते. मशीन देण्याआधी डेटा दुसरीकडे काढून ठेवा, डेटाची जबाबदारी कुठलीच कंपनी घेत नाही. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही आणि २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते. ह्या सगळ्याला पुरावा लागतो तो जॉबशीटचा, म्हणजे मशीन जमा करताना सेंटर देतं त्या कागदाचा. मशीन देताना जॉबशीटवर दोष तुमच्या शब्दात लिहून घ्या, बाहेरून ओरखडा नाही हेही लिहून घ्या, सहीच्या आधी फोटो काढा. "फिजिकल डॅमेज" असं आधीच टिक केलेलं असेल तर सही करू नका.